बिघडलेला जुना गिटार ॲम्प घ्यावा की सोडावा? विक्रेत्याच्या घरीच बसून ठरवायची रीत

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत गिटार ॲम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) फोटोखाली एक वाक्य हमखास असतं: "ॲम्प एकदम मस्त आहे, फक्त छोटंसं काम आहे." काम खरंच छोटं असेल तर ते करून, चालू ॲम्प म्हणून जास्त पैशांना का विकला नाही, हे पहिल्याच फोनवर विचारावं. उत्तर दर वेळी वाईट असतं असं नाही. कोणी नोकरीसाठी परदेशी निघालेलं असतं. कोणाच्या गावात ॲम्पला हात लावणारा माणूसच नसतो. कुठे बँड मोडलेला असतो आणि माळ्यावर पडून राहिलेला ॲम्प आता चालू होत नसतो. असा ॲम्प नीट पारखून घेतला, तर नव्याने घेणं कधी जमलं नसतं असा आवाज घरी येतो. न पारखता घेतला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

या व्यवहारात किंमत ठरते ती बिघाड ॲम्पच्या कोणत्या भागात आहे त्यावरून. विक्रेत्याला ते माहीत नसतं, किंवा माहीत असलं तरी तो सांगत नाही. म्हणून घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तुम्हालाच शोधावं लागतं. चासी (सर्किट बसवलेली धातूची पेटी) न उघडता, तासाभरात, हे बऱ्याच अंशी शोधता येतं. या लेखात त्याचीच पद्धत दिली आहे.

आधी ॲम्पची जात बघा

दुरुस्तीच्या नजरेने ॲम्पच्या तीन जाती पडतात आणि तिन्हींचं गणित वेगळं आहे.

व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांवर चालणारे), म्हणजे ट्यूब ॲम्प: फेंडर हॉट रॉड डिलक्स, ब्लूज ज्युनियर, व्हॉक्स एसी१५, पीव्ही क्लासिक ३० ही यातली नेहमी दिसणारी नावं. हे महाग असतात, जड असतात, आत जीवघेणा व्होल्टेज असतो. तरीही बिघडलेला घ्यायचाच असेल तर माझी पसंती यांनाच आहे. सर्किट तुलनेने साधं असतं, बऱ्याच मॉडेलच्या सर्किटचे नकाशे सहज मिळतात, आणि व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून दुसरा लावता येतो. आपल्याकडे याला आणखी एक आधार आहे, जुने रेडिओ मेकॅनिक. ज्यांनी घराघरांतले व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले त्यांना ईएल८४ आणि ईसीसी८३ ही नावं तोंडपाठ असतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बंगळूरमध्ये बनवलेले व्हॉल्व्ह अजूनही जुन्या साठ्यातून निघतात. गिटारवाले ज्याला १२एएक्स७ म्हणतात तोच ईसीसी८३, आणि ब्लूज ज्युनियर, एसी१५ व क्लासिक ३० या तिघांच्या आउटपुटला ईएल८४च आहे. म्हणजे तुमच्या शहरात "गिटार ॲम्प दुरुस्ती" अशी पाटी कुठेच नसली, तरी हे काम समजणारा एखादा सत्तरीचा माणूस तिथे असू शकतो. ॲम्प घेण्याआधी त्याला शोधा.

सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टर किंवा आयसीवर चालणारे: १९७५ पासूनचा रोलँड जेसी-१२०, पीव्ही बँडिट, फेंडर फ्रंटमन आणि असंख्य छोटे प्रॅक्टिस ॲम्प. दुरुस्ती बहुधा स्वस्त. अनेक छोट्या ॲम्पमध्ये टीडीए२०५० सारखी आयसी असते आणि लाउडस्पीकरचं काम करणारा कोणताही मेकॅनिक ती बदलू शकतो. बाजारात नकली आयसी भरपूर आहेत, त्यामुळे पार्ट ओळखीच्या दुकानातूनच घ्यायला सांगा. दहा-पंधरा वॉटच्या छोट्या ॲम्पच्या बाबतीत मात्र दुरुस्तीची मजुरीच ॲम्पच्या किमतीला येऊन भिडते. तिथे नाकापेक्षा मोती जड होतो.

तिसरी जात डिजिटल मॉडेलिंगची: बॉस कटाना, लाइन ६ स्पायडर वगैरे. चालू असतील तर पैसा वसूल, पूर्ण बंद असतील तर सहसा सोडून द्यावेत. सगळं डोकं एका प्रोसेसर बोर्डात असतं, सर्किटचा नकाशा बाहेर मिळत नाही, बोर्ड मिळाला तर कंपनीकडूनच, आणि मॉडेल जुनं झालं की तोही नाही. यातला जॅक सैल झालाय, नॉब खरखरतोय किंवा स्पीकर फाटलाय एवढंच असेल तर जरूर विचार करा. स्क्रीन लागत नाही, आवाज अडकतो, मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो, असं असेल तर वेळ घालवू नका.

फोनवर काय विचारायचं

जाण्याआधीच निम्मा निकाल लागतो. बंद पडला तेव्हा काय चाललं होतं? एकदम बंद पडला की हळूहळू आवाज कमी होत गेला? जळका वास आला का, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला का? फ्यूज बदलून पाहिला का, आणि नवा फ्यूजही उडाला का? "फ्यूज गेलाय फक्त" असं कोणी म्हटलं तर शांतपणे विचारा की नवा टाकून का पाहिला नाही. फ्यूज काही रुपयांचा असतो. तो बदललेला नाही याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की बदलला होता आणि तोही उडाला.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आधी कोणी उघडला होता का? कंपनीतून आला तसा असलेला आणि एकच बिघाड झालेला ॲम्प सरळ असतो. दोघांनी उघडून, अंदाजाने पार्ट बदलून, शेवटी "होत नाही" म्हणून परत दिलेल्या ॲम्पमध्ये मूळ बिघाडावर नव्या बिघाडांचे थर चढलेले असतात. मेकॅनिकला आधी ते उपसावे लागतात आणि त्याचे पैसे तुम्ही भरता.

तसंच, ॲम्प कुठून आला हे विचारा. अमेरिकेहून परतताना किंवा नातेवाइकांकडून आलेले ॲम्प आपल्याकडे बरेच फिरतात. मागच्या पट्टीचा फोटो मागवा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावायचा नाही. बंद पडायचं कारणही तेच असू शकतं, कोणीतरी थेट लावला असेल. काही ट्रान्सफॉर्मरना २३० व्होल्टचे टॅप (जोडणीची टोकं) आधीपासून असतात आणि आतली जोडणी बदलून भागतं. ज्यांना नसतात त्यांना कायम स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर जोडून चालवावं लागतं, तोही ॲम्प घेतो त्याच्या साधारण दुप्पट वॉटचा. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. हे सगळं किमतीतून वजा करायचं.

आणि पाहण्याआधी टोकन म्हणून एक रुपयाही पाठवायचा नाही, मग समोरचा बदली झालेला अधिकारी असो की उद्या विमानात बसणारा.

सोबत काय न्यायचं

स्वतःची गिटार, आणि खात्रीच्या दोन केबल. विक्रेत्याची केबल वापरू नका. ॲम्पचा म्हणून दाखवलेला बिघाड अनेकदा केबलमध्येच निघतो, आणि ते तुमच्या लक्षात आलं तर फायदा तुमचा. एक साधा मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, एक कोरडी लाकडी पेन्सिल, दीड व्होल्टचा एक सेल, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. मागच्या पॅनेलवर लिहिलेल्या रेटिंगचे दोन फ्यूजही घ्या.

प्लग लावायच्या आधी

ॲम्प बंद असतानाच दहा मिनिटं नुसता बघा. कोकण, गोवा, मुंबई इथे खारी हवा आणि पावसाळा मिळून ॲम्पचं काय करतात ते बाहेरूनच कळतं: जॅकच्या नटांवर गंज, कव्हरवर बुरशी, स्पीकरच्या कागदावर डाग, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर तांबूस थर. वरवरचा गंज मारक नाही. पण मागून टॉर्च मारल्यावर उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेल्या वायरी दिसल्या, किंवा पाणी साचून वाळल्याची रेघ दिसली, तर किंमत निम्म्यावर आणल्याशिवाय पुढे बोलू नका.

फ्यूज काढून बघा. त्याच्यावरचं रेटिंग पॅनेलवर छापलेल्याशी जुळतं का? जास्त अँपिअरचा टाकलाय का? फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली किंवा चांदीचा कागद लावलेला असेल, तर कोणीतरी फ्यूज उडायचा थांबवण्यासाठी संरक्षणच काढून टाकलं होतं. अशा ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर जळालेला असण्याची शक्यता मोठी, म्हणून मी तो घेत नाही.

मग अर्थिंग. प्लगची तिसरी पिन कापलेली नाही ना, तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग बसवलेला नाही ना, ते पाहा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं चासीच्या उघड्या स्क्रूला लावा. बीप यायलाच हवा. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या चासीलाच जोडलेल्या असतात, म्हणून चासीवर करंट आला की तो थेट तुमच्या बोटांत येतो, आणि त्याच वेळी ओठ माइकला लागले तर शरीरातून वाट पूर्ण होते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मरण पावला. अर्थिंग तुटलेलं असलं म्हणून ॲम्प नाकारायची गरज नाही, वायर आणि प्लग बदलणं स्वस्त आहे. पण ते बदलेपर्यंत तो लावून वाजवायचा नाही, "एकदा ऐकून तर बघा" असं कितीही म्हटलं तरी.

आता स्पीकर. मागून स्पीकरची वायर सोडवा आणि टर्मिनलवर रेझिस्टन्स मोजा. ८ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ ओमचा १२ ते १४. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली आहे. मग सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा, "धप्" असा आवाज येऊन कोन (स्पीकरचा कागदी पडदा) हलला पाहिजे. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्याभोवती समान ठेवून अगदी हलक्या दाबाने तो आतबाहेर करा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल जळून फुगली आहे किंवा सरकली आहे. कोन बदलून देणारे कारागीर डीजे आणि मंडपवाल्यांमुळे आपल्याकडे जवळपास प्रत्येक शहरात आहेत, पण ते सहसा पीएचा (मंडपातल्या लाउडस्पीकरचा) कोन लावतात. गिटार स्पीकरचा कोन हलका असतो आणि ॲम्पच्या आवाजाचा मोठा भाग त्यावरच ठरतो. पीएचा कोन लावलेला सेलेशन कंपनीचा गिटार स्पीकर नावापुरताच सेलेशन उरतो. "रिकोन केलाय" असं कळलं की कोणत्या कोनने, ते विचारा.

स्पीकरची वायर परत लावायला विसरू नका. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो या सगळ्यातला सर्वांत महाग भाग आहे.

पहिल्यांदा चालू करताना

ॲम्प पूर्ण बंद आहे आणि फ्यूज उडालेला आहे, अशा वेळी सरळ नवा फ्यूज टाकून बटण दाबू नका. आपल्या वायरमनकडे असतो तो सिरीज बोर्ड इथे सोन्याच्या मोलाचा आहे. ॲम्पच्या वाटेत १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये येतो. एलईडी चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर झळकून मंद झाला, तर पॉवर सप्लायमध्ये मोठा शॉर्ट नाही. पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे: ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, फिल्टर कंडेन्सर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर. बल्बमुळे करंट मर्यादित राहतो, त्यामुळे आणखी काही जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाही. बोर्डावर उघडी टोकं असतील तर जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय हे करू नका. बऱ्याच डिजिटल ॲम्पमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय असतो, तिथे या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

सॉलिड स्टेट ॲम्प चालू करताना नजर स्पीकरच्या कोनवर ठेवा. चालू करताच कोन बाहेर किंवा आत ढकलला जाऊन तिथेच थांबला, तर आउटपुटमधून डीसी येत आहे. ताबडतोब बंद करा, नाहीतर स्पीकरची कॉइल जळेल. हा बिघाड दुरुस्त होतो, पण "आवाज येत नाही, बाकी ठीक आहे" असं म्हणणाऱ्याला तुम्ही आता ठामपणे सांगू शकता की आउटपुट गेलेलं आहे.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये मागून व्हॉल्व्ह बघा. काचेच्या आत आरशासारखा चंदेरी थर असतो, बहुतेक माथ्यावर. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला चीर जाऊन हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह मेला. चालू केल्यावर खोलीतला दिवा घालवा. आतली फिलामेंट नारिंगी दिसायलाच हवीत. काचेच्या आतल्या भिंतीवर निळसर छटा असेल तर घाबरू नका. पण आतला मोठा करडा पत्रा, प्लेट, जर काळपट लाल होऊ लागली तर लगेच बंद करा. बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारा व्होल्टेज) गेलाय किंवा व्हॉल्व्ह शॉर्ट आहे, आणि असाच चालू ठेवला तर ट्रान्सफॉर्मर जाईल.

चासी विक्रेत्याच्या घरी उघडायची नाही. कॉम्बोचा (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्याचा) मागचा पत्रा किंवा फळी काढून व्हॉल्व्ह आणि स्पीकर पाहणं वेगळं, आणि सर्किट उघडणं वेगळं. फिल्टर कंडेन्सरमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकून राहू शकतात.

कानाने बिघाड शोधणं

खरी पारख इथे आहे. ॲम्प चालू होत असेल तर सगळे नॉब शून्यावर ठेवा, व्हॉल्व्हचा असेल तर तो तापायला एक-दोन मिनिटं द्या, आणि कान स्पीकरजवळ न्या.

घों घों असा हम येतोय का? व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढाच येत असेल, तर तो पॉवर सप्लायकडून किंवा आउटपुट स्टेजकडून येतोय. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झ होतं, आणि फिल्टर कंडेन्सर सुकले की ते १०० हर्ट्झ स्पीकरपर्यंत पोचतं. पंधरा-वीस वर्षांच्या ॲम्पमध्ये हे अपेक्षितच आहे. कंडेन्सर बदलणं ठरलेलं, अंदाज बांधता येईल असं काम आहे, त्याला घाबरू नका, फक्त किमतीतून वजा करा. व्हॉल्यूम वाढवल्यावर हम वाढत असेल तर उगम पुढच्या भागात आहे: इनपुट जॅक, पहिला व्हॉल्व्ह, किंवा त्या खोलीतलीच वीज. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहा, ट्यूबलाइट आणि फॅनचे रेग्युलेटर बंद करून पाहा.

हिस्स असा बारीक आवाज येतोय पण गिटार ऐकू येत नाही? मग आउटपुट आणि स्पीकर जिवंत आहेत, आणि बिघाड आधीच्या भागात आहे. ही चांगली बातमी आहे. मागे इफेक्ट्स लूपचे (बाहेरचे इफेक्ट जोडायचे, सेंड आणि रिटर्न असे) जॅक असतील तर दुसरी केबल घेऊन सेंडमधून काढून रिटर्नमध्ये लावा. रिटर्नच्या जॅकमध्ये एक स्प्रिंगचा संपर्क असतो, काही न लावता तो सिग्नल पुढे जाऊ देतो. ॲम्प वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यावर काळपट थर येतो आणि आवाज जातो, किंवा खूप दबल्यासारखा येतो. केबल लावताच आवाज खणखणीत आला, तर तुमच्या हातात असा ॲम्प आहे ज्याला फक्त जॅक साफ करायची गरज आहे, आणि विक्रेत्याच्या लेखी तो बिघडलेला आहे. केबलने फरक पडला नाही तर गिटार थेट रिटर्नमध्ये लावून वाजवा. बारीक का होईना, स्वच्छ आवाज आला की पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग) ठीक, दोष प्रीॲम्पमध्ये (त्याआधीच्या भागात). व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो अनेकदा एका १२एएक्स७चा असतो.

हॉट रॉड डिलक्सचं उदाहरण घ्या, कारण भारतात हा खूप दिसतो: ४० वॉट, दोन ६एल६, तीन १२एएक्स७, एक बारा इंची स्पीकर. "चॅनल बदलत नाही, रिव्हर्ब गेलाय, कधी लागतो कधी नाही" अशी तक्रार असेल तर त्यामागे एक ओळखीचं कारण असतं. रिले (चॅनल बदलणारा स्विच) आणि रिव्हर्बच्या (आवाजाला घुमारा देणाऱ्या) सर्किटला लागणारा कमी व्होल्टेज बनवणारे दोन ४७० ओम, ५ वॉटचे रेझिस्टर बोर्डाला चिकटून बसवलेले असतात. ते एवढे तापतात की स्वतःचं सोल्डर सुटवतात, बोर्डही काळा पडतो. नवे रेझिस्टर बोर्डापासून थोडे वर उचलून लावले की काम होतं. पार्ट किरकोळ किमतीचे, मजुरी तासा-दोन तासांची. अशा ॲम्पवर विक्रेता घाबरून किंमत पाडत असेल तर घ्या. याच मॉडेलमध्ये इनपुटचे प्लास्टिकचे जॅक थेट बोर्डावर बसवलेले असल्यामुळे केबलला हिसके बसून तिथलं सोल्डर फुटतं. जॅकमधली केबल हळूच हलवल्यावर आवाज येतो-जातो, तो याच कारणाने.

खरखर. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. फिरवतानाच खरखरला तर धूळ आहे, क्लीनर मारून पाहा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. हात न लावताही खरखरत असेल, तर पेन्सिलच्या टोकाने व्हॉल्व्ह एकेक करून हलके टिचकवा. एखाद्याला टिचकी मारताच स्पीकरमधून घंटेसारखा नाद किंवा कडकड आला तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. कॅबिनेटला बाहेरून थोपटल्यावर आवाज जात असेल तर कुठेतरी ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला टाका) आहे. ते शोधायला वेळ लागतो, पार्ट लागत नाही.

सगळं ठीक वाटलं तरी निघू नका. अर्धा तास मध्यम आवाजावर वाजवत राहा. तापल्यावर उद्भवणारे बिघाड पहिल्या पाच मिनिटांत सहसा दिसत नाहीत, आणि "नुकताच बंद केला होता" असं सांगून आधीच गरम असलेला ॲम्प दाखवणारेही भेटतात, म्हणजे थंड असताना दिसणारा बिघाड लपतो. पोचल्यावर सर्वांत आधी चासीला हात लावून तो थंड आहे ना ते पाहा.

हिशोब

आता मेकॅनिकला तिथूनच फोन करा आणि काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगा. "ॲम्प बिघडलाय, किती लागतील?" याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. "व्हॉल्यूम शून्यावर असताना हम येतो, लूपमध्ये केबल लावूनही फरक नाही, स्पीकर ६.४ ओम दाखवतो" याला देऊ शकतो. ॲम्प महागातला असेल तर विक्रेत्यालाच म्हणा, मेकॅनिककडे नेऊ, तपासणीचे पैसे मी देतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथल्या दुकानदारांना विचारलं तर पार्टही कळतात आणि पार्ट नेणारे कारागीरही.

मी गणित असं मांडतो. त्याच मॉडेलचा चालू स्थितीतला सेकंडहँड भाव घ्या. नव्याची किंमत इथे आणू नका, विक्रेता तीच सांगत राहील. त्यातून दुरुस्तीच्या अंदाजाच्या दीडपट वजा करा, कारण उघडल्यावर आणखी काहीतरी निघतंच. मग भावाच्या दहा टक्के जोखमीचे, आणि प्रवास व वाहतुकीचा खर्च. केवळ उदाहरणापुरते आकडे: चालू ॲम्पचा भाव ४०,००० रुपये, दुरुस्तीचा अंदाज ७,०००. दीडपट म्हणजे १०,५००, जोखीम ४,०००, येणं-जाणं १,५००. उरतात २४,०००. यावर एक रुपयाही जात असेल तर चालू ॲम्प शोधलेला बरा. विक्रेता २८,००० म्हणत असेल तर त्याच्यासमोर कागदावर हा हिशोब मांडा. आवाज न चढवता मांडलेला हिशोब घासाघिशीपेक्षा जास्त चालतो.

बिघाड कुठे आहे हे सापडलंच नाही, तर दुरुस्तीच्या जागी त्या जातीतला सर्वांत महाग भाग धरा. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो ट्रान्सफॉर्मर. पॉवर ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून परत गुंडाळून घेता येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत गुंतवलेले असतात, साध्या पद्धतीने गुंडाळला तर वाजतो पण आवाज मरतो, म्हणून बाहेरून मागवावा लागतो आणि वर कस्टम ड्यूटी. पॉवर व्हॉल्व्हही बहुतांशी स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथल्या मोजक्या कारखान्यांतूनच येतात आणि जोडीने, मॅच केलेले घ्यावे लागतात. "व्हॉल्व्ह जुने आहेत, पण चालतात" असं कळलं की पूर्ण संचाची किंमत अंदाजात धरून टाका.

पैशांखेरीज एक गोष्ट तपासा: येत्या महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला वाजवायला ॲम्प लागणार आहे का? गणपतीत किंवा कॉलेजच्या फेस्टला कार्यक्रम ठरलेला असेल तर बिघडलेला ॲम्प घेऊच नका. पार्ट यायला आठवडे जातात, आणि चांगल्या मेकॅनिककडे रांग असते.

माझ्या यादीत सरळ नकार असलेले ॲम्प असे: पाण्यात बुडालेला, फ्यूजला बगल दिलेला, आतले पार्ट काढून घेतलेला, अनेकांनी उघडलेला आणि कोणी काय केलं हे कोणालाच माहीत नसलेला, प्रोसेसर मेलेला डिजिटल. आणि विक्रेता अर्धा तास वाजवू देत नाही तो, मग ॲम्प कोणताही असो.

घरी आणल्यावर

घेतलात तर गाडीत उभाच ठेवा, तोंडावर पालथा घालू नका. व्हॉल्व्हचा असेल तर व्हॉल्व्ह काढून, कोणता कुठला ते लिहून, जुन्या कपड्यात गुंडाळून वेगळे न्या. घरी आल्याआल्या वाजवून बघायचा मोह होतो, पण आधी तो मेकॅनिककडे जाऊ द्या. त्याला सांगा की सांगितलेला बिघाड तर काढच, शिवाय अर्थिंग, फ्यूजचं रेटिंग, फिल्टर कंडेन्सर आणि व्हॉल्व्हचा असेल तर बायस एवढं तपासून दे. काढलेले जुने पार्ट परत मागा, आणि काय बदललं ते कागदावर लिहून घेऊन तो कागद ॲम्पच्या आत, मागच्या फळीवर चिकटवून ठेवा. पुढे कधी तुम्हीच तो विकायला काढलात, तर समोरच्याचा पहिला प्रश्न हाच असेल की कोणी उघडला होता का.